दूरच्या दिव्याची वात

रात्रीच्या एस.टी.ने घाट उतरताना समोरच्या काळोखात एखाद्या वाडीवरचा दिवा दिसतो. ती वाडी किती लांब असेल, याचा अंदाज आपण नकळत बांधतो. दिवा मिणमिणता दिसला तर वाडी दूर, ठळक दिसला तर जवळ. या अंदाजामागे एक गृहीत असते. साऱ्या वाड्यांवरचे कंदील सारखेच तेवतात, असे आपण मानून चाललेलो असतो. पण त्या घरात कोणी वात वाढवली असेल तर? मग दूरचे घर जवळचे वाटेल आणि आपला हिशेब फसेल. त्यात दोष दिव्याचा नसेल आणि डोळ्यांचाही नसेल. न तपासता पुढे रेटलेल्या गृहीताचा तो दोष असेल.

विसाव्या शतकाच्या मध्याला जगातले नामवंत खगोलशास्त्रज्ञ अशाच दूरच्या दिव्यांवरून विश्वाचे भवितव्य सांगू पाहत होते. त्या दिव्यांची वात सारखी राहत नाही, हे त्यांना हिशेब मांडून दाखवले ते टेक्सासमधील पंचवीस वर्षांच्या एका विवाहितेने. तिच्या हाताशी मोठी दुर्बीण नव्हती आणि पदरी कायमची नोकरीही नव्हती. बिआट्रिस टिन्स्ली हे तिचे नाव. दीर्घिका कशा जन्मतात, वाढतात आणि निवतात, यावर आज जगभर शेकडो संशोधक काम करीत आहेत. हा प्रश्न टिन्स्ली यांच्या आधीही अधूनमधून विचारला जात होता. पण त्याला आकड्यांची शिस्त लागली ती त्यांच्यापासून. पंधराएक वर्षांत त्यांनी हे केले आणि वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्या गेल्या. त्यांचे संशोधन जितके विचार करायला लावणारे, तितकीच त्या संशोधनासाठी त्यांना मोजावी लागलेली किंमतही. या दोन्ही गोष्टी एकत्रच पाहायला हव्यात.

गृहीत धरलेले तेज

दीर्घिका म्हणजे तारे, वायू आणि धूळ यांचा गुरुत्वाकर्षणाने बांधलेला प्रचंड संसार. आपली आकाशगंगा ही अशीच एक दीर्घिका. तिच्यात शंभर अब्जांहून अधिक तारे आहेत आणि आपला सूर्य हा त्यांतला एक मध्यमवर्गीय गृहस्थ. आकाशगंगेच्या बाहेरही अशा दीर्घिका आहेत, हे १९२० च्या दशकात एडविन हबल यांनी सिद्ध केले. १९२९ मध्ये त्यांनी दाखवले की, जी दीर्घिका जितकी दूर, तितक्या अधिक वेगाने ती आपल्यापासून लांब जाताना दिसते. विश्व प्रसरण पावत आहे, असा याचा अर्थ. मग साहजिकच पुढचा प्रश्न उभा राहिला. हे प्रसरण असेच चालू राहणार, की गुरुत्वाकर्षणाचा लगाम बसून एके दिवशी विश्व पुन्हा आकसू लागणार?

याचे उत्तर हवे असेल तर प्रसरणाचा वेग पूर्वी किती होता आणि आज किती आहे, हे पाहायला हवे. खगोलशास्त्राचे भाग्य असे की, त्याला भूतकाळ प्रत्यक्ष दिसतो. ज्या दीर्घिकेचा प्रकाश पाच अब्ज वर्षे प्रवास करून आज आपल्यापर्यंत पोचतो, ती आपल्याला पाच अब्ज वर्षांपूर्वीच्या रूपात दिसते. मात्र तिचे अंतर नेमके कळले पाहिजे. हबल यांचे वारसदार ॲलन सँडेज यांनी कॅलिफोर्नियातील पालोमार पर्वतावरच्या २०० इंची दुर्बिणीच्या साह्याने हे काम हाती घेतले. दीर्घिकांच्या समूहांत जी सर्वांत तेजस्वी लंबवर्तुळाकार दीर्घिका असते, ती त्यांनी दिवा म्हणून निवडली. अशा दीर्घिकांचे मूळ तेज जवळपास सारखेच असते, असा अनुभव होता. तेव्हा अंधूक दिसेल ती दूरची आणि ठळक दिसेल ती जवळची. या मोजणीचा कल असा दिसू लागला की, प्रसरणाला चांगलाच लगाम बसतो आहे आणि विश्व कधीतरी परत फिरणार आहे.

टिन्स्ली यांनी नेमके येथे बोट ठेवले. जवळची दीर्घिका आपण तिच्या आजच्या वयात पाहतो, दूरची मात्र तिच्या तरुणपणी. मग दोघींचे तेज सारखे कसे धरायचे? दीर्घिकेचे तेज म्हणजे तिच्यातल्या ताऱ्यांच्या तेजाची बेरीज. तारे जन्मतात, म्हातारे होतात, विझतात. मग बेरीज तेवढीच कशी राहील? ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात १९६६ साली पूर्ण केलेल्या पीएच.डी.च्या प्रबंधात त्यांनी या बदलाचा हिशेब मांडला. लंबवर्तुळाकार दीर्घिका पूर्वी आजच्यापेक्षा अधिक तेजस्वी असल्या पाहिजेत, असा तो हिशेब सांगत होता. म्हणजे दूरच्या वाडीवर वात वाढवलेली होती. त्यामुळे त्या दीर्घिका खऱ्या अंतरापेक्षा जवळ भासत होत्या. ही दुरुस्ती केली की लगाम सैल पडतो, आणि विश्व परत फिरण्याचे भाकीत डळमळते.

सँडेज हे त्या काळचे या क्षेत्रातले अधिकारी पुरुष. ही दुरुस्ती किरकोळ आहे, असे त्यांचे मत होते. सत्तरच्या दशकाच्या आरंभी हा वाद संशोधनपत्रिकांतून रंगला. एका बाजूला जगातली सर्वांत मोठी दुर्बीण, दुसऱ्या बाजूला संगणकावर केलेली आकडेमोड. टिन्स्ली मागे हटल्या नाहीत. १९७४ मध्ये रिचर्ड गॉट, जेम्स गन आणि डेव्हिड श्राम यांच्यासह त्यांनी एक निबंध लिहिला. निरनिराळ्या दिशांनी आलेले पुरावे एकत्र ठेवून, विश्वाचे प्रसरण थांबणार नाही, असा युक्तिवाद त्यात होता. याच सुमारास आणखी एक गोष्ट पुढे आली. समूहाच्या मध्यावर बसलेल्या या थोरल्या दीर्घिका शेजारच्या लहान दीर्घिका गिळून पुष्ट होत असतात. म्हणजे म्हातारपणाने तेज उतरते आणि खाण्याने चढते. अशा दिव्यावरून विश्वाचे भविष्य सांगण्याचा नाद अखेर सोडून द्यावा लागला.

प्रसरणाचा निकाल लागला तो १९९८ मध्ये. स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांचा, म्हणजे एका विशिष्ट जातीच्या सुपरनोव्हांचा, दिवा म्हणून उपयोग करून दोन संशोधकगटांनी दाखवले की, प्रसरण मंदावत तर नाहीच, उलट त्याचा वेग वाढतो आहे. २०११ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या शोधाला मिळाले. गन आणि टिन्स्ली यांनी १९७५ सालीच ‘नेचर’मध्ये ‘वेग वाढवणारे विश्व’ अशा अर्थाच्या मथळ्याचा निबंध लिहिला होता. त्या वेळचा पुरावा कच्चा होता आणि त्यात कोठे चुका असू शकतील, याची चर्चा त्यांनी स्वतःच त्या निबंधात केली होती. पण आकडे जिकडे नेतील तिकडे जाण्याचे धैर्य त्यांत होते, हे आज मागे वळून पाहताना जाणवते.

वायूचा जमाखर्च

टिन्स्ली यांची पद्धत समजायला अवघड नाही. एखादी चोख गृहिणी किंवा दुकानातला जुना मुनीम जशी वही ठेवतो, तशी त्यांनी दीर्घिकेची वही ठेवली. सुरुवातीचे भांडवल म्हणजे वायू, मुख्यतः हायड्रोजन. त्यातून तारे घडतात, हा खर्च. कोणत्या वजनाचे किती तारे जन्मतात, याचे ढोबळ प्रमाण एडविन साल्पीटर यांनी १९५५ मध्ये दिले होते. कोणता तारा किती जगतो, हेही ताऱ्यांच्या अंतरंगाच्या अभ्यासातून कळू लागले होते. सूर्याएवढा तारा सुमारे दहा अब्ज वर्षे संथपणे जळतो. त्याच्या दहापट वजनाचा तारा मात्र दोन-तीन कोटी वर्षांतच सारे उधळून मोकळा होतो. असे उधळे तारे निळसर दिसतात. म्हातारे तारे फुगून तांबडे होतात. मरताना तारा आपल्यातला काही वायू परत करतो, ही जमा. त्या परत आलेल्या वायूत कार्बन, ऑक्सिजन, लोह अशी ताऱ्याच्या पोटात आणि स्फोटात शिजलेली मूलद्रव्ये मिसळलेली असतात. त्यातून पुढची पिढी जन्मते. आपल्या रक्तातले लोह हे या जमाखर्चातल्या कुठल्या तरी जुन्या नोंदीचे देणे आहे.

टिन्स्ली यांनी अशा वहीचे पान दर काही कोटी वर्षांनी उलटत नेले. प्रत्येक पानावर शिल्लक वायू किती, जिवंत तारे किती, त्यांचा एकूण प्रकाश केवढा आणि रंग कोणता, हे संगणकाकडून काढून घेतले. मग तो हिशेब प्रत्यक्ष दीर्घिकांशी ताडून पाहिला. यापूर्वी दीर्घिकांचे वर्गीकरण आकारावरून होत असे: ही लंबवर्तुळाकार, ही सर्पिल, ही अनियमित. फुलपाखरांचे संग्रह करावेत तसे ते होते. आता त्या संग्रहाला चरित्र मिळाले. निळसर दीर्घिकेत अलीकडेच तारे जन्मले आहेत. तांबूस दीर्घिकेचा जन्मोत्सव कधीच आटोपला आहे. रंगावरून वय आणि वयावरून पूर्वायुष्य वाचता येऊ लागले.

१९७८ मध्ये रिचर्ड लार्सन यांच्यासह त्यांनी केलेले काम या दृष्टीने फार बोलके आहे. हॉल्टन आर्प यांनी १९६६ मध्ये विचित्र दीर्घिकांचा एक चित्रसंग्रह प्रसिद्ध केला होता. लांब शेपट्या फुटलेल्या, वाकलेल्या, एकमेकींत गुंतलेल्या अशा ३३८ नोंदी त्यात होत्या. लार्सन आणि टिन्स्ली यांनी त्यांतील दीर्घिकांचे रंग नेहमीच्या दीर्घिकांच्या रंगांशी ताडून पाहिले. नेहमीच्या दीर्घिकांचे रंग एका सरळ ओळीत बसत होते. या विचित्र दीर्घिकांचे रंग इतस्ततः विखुरलेले होते. दोन दीर्घिका एकमेकींना धडकल्या की वायू दाबला जाऊन ताऱ्यांच्या जन्माचा एकदम भडका उडतो, हा त्याचा उलगडा. दीर्घिकेचे आयुष्य घरातल्या जमाखर्चावर तर चालतेच. पण शेजाऱ्यांशी झालेल्या भेटी आणि टकरीही ते घडवतात.

आपली आकाशगंगाही याला अपवाद नाही. युरोपच्या ‘गाया’ या अवकाशयानाने ताऱ्यांच्या गतींची जी मोजणी केली, तिच्यावरून २०१८ मध्ये असे दिसून आले की, सुमारे दहा अब्ज वर्षांपूर्वी आकाशगंगेने एक बऱ्यापैकी मोठी दीर्घिका गिळली होती. त्या दीर्घिकेचे तारे आजही वेगळ्या चालीने फिरतात. गावात येऊन पिढ्या लोटल्या तरी एखाद्या घराण्याची बोली ओळखू यावी, तसे ते ओळखू येतात.

संसार आणि संशोधन

बिआट्रिस हिल हिचा जन्म १९४१ साली इंग्लंडमधील चेस्टर येथे झाला. महायुद्धानंतर कुटुंब न्यूझीलंडला गेले आणि ती तिथेच वाढली. व्हायोलिन उत्तम वाजवी. गणित आणि भौतिकशास्त्रात नेहमी पुढे. क्राइस्टचर्च येथे पदव्युत्तर शिक्षण घेत असतानाच १९६१ मध्ये तिने ब्रायन टिन्स्ली या भौतिकशास्त्रज्ञाशी विवाह केला. नवरा ज्या विद्यापीठात नोकरीला, त्या विद्यापीठात बायकोला नोकरी द्यायची नाही, असा तेथे तेव्हा नियम होता. १९६३ मध्ये नवऱ्याला टेक्सासमधील डॅलस येथे काम मिळाले आणि दोघे अमेरिकेला गेली. डॅलसमध्ये तिच्या विषयाला जागा नव्हती. तेव्हा सुमारे तीनशे किलोमीटर दूरच्या ऑस्टिनला ये-जा करून तिने डॉक्टरेट पुरी केली. तो प्रबंध कोणत्या तोलाचा होता, हे वर आलेच आहे.

एवढा प्रबंध लिहिल्यावर पुढची वाट मोकळी व्हायला हवी होती. झाले उलटेच. दोन मुले दत्तक घेतली होती. त्यांचे संगोपन, नवऱ्याच्या नोकरीचे गाव, आणि अर्धवेळ व तात्पुरती कामे यांत पुढची सात-आठ वर्षे गेली. जगभरच्या संशोधनपत्रिकांत ज्यांच्या निबंधांवर चर्चा चालू होती, त्या टिन्स्ली यांना स्वतःच्या गावात पूर्ण वेळेची खुर्ची नव्हती. १९७४ मध्ये अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचा ॲनी जंप कॅनन पुरस्कार त्यांना मिळाला. त्याच वर्षी त्यांचा विवाह संपुष्टात आला. मुलांना वडिलांजवळ ठेवून त्या बाहेर पडल्या आणि पुढे येल विद्यापीठात रुजू झाल्या.

या निर्णयाबद्दल वाचकांच्या मनात दोन विरुद्ध भावना उठतील, आणि दोन्ही स्वाभाविक आहेत. मुलांचे काय, हा प्रश्न खरा आहे. तो त्यांना स्वतःलाही आयुष्यभर छळत राहिला असणार. पण हाच प्रश्न एखाद्या पुरुष शास्त्रज्ञाच्या चरित्रात आपण किती वेळा विचारतो? संशोधनासाठी घरदार सोडून वर्षानुवर्षे परदेशी राहिलेल्या पुरुषाला आपण तपस्वी म्हणतो. त्याच्या मागे घर कोणी चालवले, हे चरित्राच्या शेवटच्या पानावर ऋणनिर्देशात येते. टिन्स्ली यांच्यापुढे मुले की विज्ञान अशी निवड उभी राहिली, ती ग्रहताऱ्यांनी केली नव्हती. नोकरीचे नियम, दोघांपैकी एकालाच काम देणारी गावे, आणि बायकोची नोकरी म्हणजे फावल्या वेळचा उद्योग समजणारी नजर यांनी मिळून ती निवड घडवली होती.

येलमध्ये त्या फुलल्या. १९७७ साली तेथे दीर्घिकांच्या उत्क्रांतीवर जी परिषद भरली, तिच्या आयोजनात लार्सन यांच्याबरोबर त्या होत्या. या विद्याशाखेला तिचे स्वतःचे घर मिळाले ते त्या परिषदेपासून, असे मानले जाते. १९७८ मध्ये त्या येलच्या खगोलशास्त्र विभागातल्या पहिल्या स्त्री प्राध्यापक झाल्या. त्याच वर्षी त्यांना त्वचेचा कर्करोग असल्याचे निदान झाले. आजाराने उजवा हात निकामी होऊ लागला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लिहायचा सराव केला. शेवटचा निबंध त्यांनी मृत्यूच्या थोडेच दिवस आधी पाठवला. २३ मार्च १९८१ रोजी त्या गेल्या. हक्काच्या खुर्चीवर बसून पूर्ण वेळ काम करायला मिळालेला काळ मोजला, तर तो जेमतेम सहा वर्षांचा भरतो.

खोडदच्या माळावरून

टिन्स्ली यांच्या वहीत एक रकाना मात्र अपुरा राहिला होता. दूरच्या दीर्घिकांमधले तारे दुर्बिणीतून दिसत. पण ज्या भांडवलातून ते घडतात, तो थंड हायड्रोजन वायू डोळ्यांना दिसत नाही. तो एकवीस सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरींवर अतिशय क्षीण आवाजात बोलतो. शेजारच्या दीर्घिकांचा हा आवाज ऐकू येई. अब्जावधी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांचा येत नसे. खर्च दिसतो आहे, शिल्लक दिसत नाही, अशी ती अडचण होती.

आणि प्रश्न तर मोठाच होता. सुमारे दहा अब्ज वर्षांपूर्वी विश्वात ताऱ्यांचा जन्मदर शिगेला पोचला होता. त्यानंतर तो घसरत घसरत आज साधारण दहाव्या हिश्शावर आला आहे. आपल्या आकाशगंगेत आज वर्षाकाठी एक-दोन सूर्यांइतक्याच वजनाचे तारे घडतात. ही घसरण का झाली?

या रकान्यातली एक महत्त्वाची नोंद पुणे जिल्ह्यातून झाली. जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या पंचवीसएक किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. द्राक्षांच्या आणि कांद्याच्या शेतांमधून त्या दिसतात. प्रा. गोविंद स्वरूप यांनी ही दुर्बीण कल्पिली ती मुळात दूरच्या हायड्रोजनचा आवाज ऐकण्याच्या ध्यासातून. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील आदित्य चौधरी, निसिम कानेकर आणि जयराम चेंगलूर यांनी बंगळुरूच्या सहकाऱ्यांसह तिचा उपयोग करून आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या ७,६५३ दीर्घिकांकडे कान लावला. एकेकीचा आवाज ऐकू येणे शक्यच नव्हते. म्हणून त्यांनी साऱ्यांचे संकेत एकत्र रचून त्यांची सरासरी काढली. एकट्या वारकऱ्याचा टाळ दूरवर पोचत नाही. पण हजारोंची दिंडी निघाली की डोंगरापलीकडे नाद जातो, तसेच हे.

निष्कर्ष असा की, त्या दीर्घिकांकडे वायू भरपूर होता. पण त्यांचा खर्च त्याहून दांडगा होता. त्या वेगाने तारे घडत राहिले, तर सारा वायू एक-दोन अब्ज वर्षांत संपून जाणार होता. बाहेरून नवा वायू पुरेसा आला नाही, म्हणून जन्मदर घसरला, असे त्यावरून दिसते. हा निबंध ऑक्टोबर २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. स्वरूपसरांचे निधन त्याआधी महिनाभर, ७ सप्टेंबर २०२० रोजी झाले होते.

पुण्याच्या याच केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी २०२५ मध्ये आणखी एक नवल समोर आणले. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीने टिपलेल्या चित्रांत त्यांना एक डौलदार सर्पिल दीर्घिका सापडली. दोन सुबक बाहू असलेली ही दीर्घिका विश्वाचे वय अवघे दीड अब्ज वर्षे असतानाची आहे. आज विश्वाचे वय १३.८ अब्ज वर्षे आहे, म्हणजे ते तेव्हा अगदी बाल्यावस्थेत होते. इतक्या लवकर इतकी नीटस घडण कशी झाली, हे कोडे आहे. आकाशगंगेला मंदाकिनी हे नाव आपल्याकडे आहेच. तिच्यासारख्या दिसणाऱ्या या दीर्घिकेला त्यांनी मंदाकिनीच्या भगिनी नदीचे, अलकनंदेचे, नाव दिले.

वेब दुर्बिणीने अशी कोडी पुष्कळ घातली आहेत. महास्फोटानंतर तीसएक कोटी वर्षांतच तेजस्वी दीर्घिका अस्तित्वात होत्या, हे तिच्यामुळे कळले. काही दीर्घिकांची वजने सुरुवातीला इतकी मोठी निघाली की, महास्फोटाचा सिद्धान्तच कोलमडला अशी आवई उठली. पण दूरच्या दीर्घिकेचे वजन तराजूवर थोडेच करता येते? तिचा प्रकाश पाहायचा, त्यात कोणत्या वयाचे किती तारे असतील याचा हिशेब मांडायचा आणि वजन काढायचे. टिन्स्ली यांनी घालून दिलेली रीत हीच आहे. तारे एकाच भडक्यात जन्मले असे धरले तर एक वजन येते, हळूहळू जन्मले असे धरले तर दुसरे. दिव्याची वात तपासा, हा त्यांचा इशारा आजही तितकाच लागू आहे.

प्रश्न खुर्चीचा

टिन्स्ली यांच्या नावाने अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १९८६ मध्ये पारितोषिक सुरू केले. न्यूझीलंडने २०१० मध्ये आपल्या एका पर्वतशिखराला त्यांचे नाव दिले. मरणोत्तर शिखर देणे सोपे असते. हयातीत खुर्ची देणे अवघड.

आपल्याकडची स्थिती काय आहे? २०२०-२१ च्या उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीत विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांत मुलींची संख्या निम्म्याहून थोडी अधिक होती. संशोधन आणि विकासाच्या कामात प्रत्यक्ष गुंतलेल्यांत मात्र स्त्रियांचे प्रमाण २०१८ च्या सरकारी आकडेवारीनुसार १६.६ टक्के होते. वर्गात अर्ध्याहून जास्त असलेल्या मुली प्रयोगशाळेपर्यंत पोचताना सहाव्या हिश्शावर येतात. मधल्या वाटेवर त्या कोठे हरवतात, हे शोधायला दुर्बीण लागत नाही. लग्न, नवऱ्याच्या बदल्या, मुले, सासू-सासऱ्यांची आजारपणे, आणि वयाच्या अटीत बसत नाही म्हणून परत आलेला अर्ज. खंड पडलेल्या स्त्रियांना संशोधनात परत आणण्यासाठी केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ पासून योजना राबवल्या, हे चांगलेच झाले. पण ठरावीक वर्षांची पाठ्यवृत्ती म्हणजे कायमची जागा नव्हे. पाठ्यवृत्ती संपली की ती बाई पुन्हा दारातच उभी असते.

करण्यासारख्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. नवरा-बायको दोघेही लायक असतील तर दोघांना एका संस्थेत किंवा निदान एका शहरात जागा देण्याची मोकळीक असावी. पुण्यासारख्या शहरात, जिथे एका हाकेच्या अंतरावर इतक्या संशोधनसंस्था आहेत, तेथे हे सहज जमण्यासारखे आहे. वयाची अट मोजताना बाळंतपणाची आणि संगोपनाची वर्षे वजा व्हावीत. पाळणाघर ही संस्थेची सोय असावी, उपकार नसावा. आणि मुलाखतीला आलेल्या मुलीला तिच्या प्रबंधाबद्दल प्रश्न विचारावेत. तिचा नवरा कोठे असतो, हा प्रश्न समितीने गिळून टाकावा.

यात स्त्रियांवर मेहेरबानी करण्याचा हेतू नाही. लाभ विज्ञानाचा आहे. सारे दिवे सारखेच तेवतात, या समजुतीवर थोरामोठ्यांचे डोळे स्थिरावले होते. ती समजूत त्यांच्यापैकी कोणी तपासली नाही. तपासली ती वर्तुळाबाहेर उभ्या असलेल्या एका तरुण स्त्रीने. वायू संपत आलेली दीर्घिका काही काळ जुन्या ताऱ्यांच्या प्रकाशात झळकत राहते. दुरून पाहणाऱ्याला तिचे काही बिघडले आहे, हे कळतही नाही. पण तिच्यात नवे तारे जन्मत नसतात. संस्थांचेही तसेच असते. जुन्या नावांच्या उजेडात आपण किती काळ निश्चिंत बसायचे, आणि दाराशी उभ्या असलेल्या मुलींना आत कधी घ्यायचे, हे आता ठरवायला हवे.